दादा कोंडके आणि हसण्याची उतरंड

1998 साली मराठी प्रेक्षकाला पंधरा दिवसांत दोन सुतकं आली. 28 फेब्रुवारीला राजा गोसावी गेले, 14 मार्चला दादा कोंडके. गोसावींबद्दल बोलताना कुणाचीच जीभ अडखळत नाही. दादांचं नाव निघालं की मात्र आपल्या ठाण्या-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांत आजही आधी खुलासा होतो, "तसे ते चावट होते, पण..." आज आम्हांला या 'पण'बद्दल बोलायचं आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित-उपहसित मध्यमांचं, अपहसित-अतिहसित अधमांचं. दात दिसले का, डोळ्यांत पाणी आलं का, यावरून माणसाची पायरी ठरली. दादांच्या सिनेमाला लोक पोट धरून, डोळे पुसत हसायचे. म्हणजे शास्त्राप्रमाणे सगळे तळाच्याच पायरीवर!

ही माणसं कोण? दादांचा जन्म 1932 चा, नायगावचा, गिरणी कामगाराच्या घरातला. बँडपथक, सेवादलाचं कलापथक, अपना बाजारातली नोकरी, असं करत ते वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'पर्यंत पोचले. त्यांचं ते काम पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांना त्यांचं नाव सुचवलं आणि 1969 साली 'तांबडी माती' आला. 1971 च्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा किस्सा तुम्हांला ठाऊक आहेच. पुढे ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली.

आता त्या द्व्यर्थी संवादांचं. त्यातला चावट अर्थ बोलणारा उच्चारतच नाही, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. बोलणारा चेहऱ्याने अगदी भोळा. सेन्सॉरची पंचाईत नेमकी इथेच व्हायची, कारण कापायचं काय? ही युक्ती दादांनी शोधलेली नाही, ती तमाशाच्या सोंगाड्याची. पण सोंगाड्या त्या भोळेपणाआडून प्रधानाला, कोतवालाला टोचतो. 'पांडू हवालदार'मध्ये ते टोचणं शाबूत आहे. नंतरच्या हिंदी चित्रपटांत ते गेलं, नुसती सूचना उरली, आणि बायका तर निव्वळ निमित्तमात्र झाल्या. हे दादांवर प्रेम करणाऱ्यानेही म्हटलंच पाहिजे.

म्हणून आमच्या मते प्रश्न श्लील-अश्लीलाचा नाही, विनोद कुणाला टोचतो याचा आहे.

आणखी एक. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटलं. नायगाव-परळची कितीतरी कुटुंबं चाळीतली खोली सोडून दिवा, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. डोंबिवली ही सुसंस्कृतांची नगरी, असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा लोकलच्या त्याच डब्यातून उतरलेली ही माणसंही इथलीच असतात. 'सोंगाड्या' पहिल्यांदा चालवला तो यांच्याच पैशांनी.