संगीत आणि चित्रफितींच्या कामासाठी लॅपटॉप निवडताना...

घरच्या घरी गाण्याचे ध्वनिमुद्रण करणारे कलावंत असोत वा लघुपटांचे आणि लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करणारे व्यावसायिक, लॅपटॉप ही त्यांची मोठी गुंतवणूक असते. दुकानात मात्र निवड बहुधा किंमत, वजन आणि देखणेपणा पाहूनच होते. चूक ध्यानात येते ती ऐन कामाच्या वेळी. पूर्वी अशा वेळी रॅम वाढवून घेता येत असे. ॲपलने २०१२ मध्ये रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडली आणि पुढे इतर कंपन्यांच्या अनेक सडपातळ लॅपटॉपमध्येही ही पद्धत आली. म्हणूनच जे नंतर बदलता येत नाही त्यावर खर्च करावा आणि जे बाहेरून जोडता येते त्यावर बचत करावी, हे खरेदीचे सूत्र ठरते.

आधी सॉफ्टवेअर, मग यंत्र

लॉजिक प्रो आणि फायनल कट प्रो विंडोजवर चालत नाहीत. क्यूबेस, रीपर, प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह मात्र विंडोज व मॅक या दोन्हींवर चालतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही उपलब्ध आहे. ज्यांच्यासोबत काम करायचे, ते काय वापरतात याची चौकशी आधी केलेली बरी.

दोन कामे, दोन गरजा

ध्वनिमुद्रणाचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. माइकमधून आलेला सूर संगणकातून फिरून हेडफोनमध्ये पोहोचण्यास जो विलंब लागतो, तो गायकाला खटकतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर ठेवल्यास त्यामुळे सुमारे ५ मिलिसेकंद, तर १०२४ नमुन्यांचा ठेवल्यास सुमारे २१ मिलिसेकंद विलंब होतो. प्रोसेसर दुबळा असल्यास लहान बफरवर आवाजात खरखर येते. चित्रफितीच्या संकलनात ग्राफिक्स चिपचे महत्त्व अधिक. रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर रंगसंस्कारासाठी तिच्यावरच विसंबून असते. केवळ संगीताचे काम असेल, तर महागड्या ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नाही.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नसावी. वाद्यांच्या मोठ्या नमुनासंग्रहांसाठी किंवा फोर-के चित्रफितींसाठी ३२ जीबी हितावह. ॲपलच्या २०२० मधील एम-१ चिपपासून प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच रॅम वाटून घेतात, हेही लक्षात ठेवावे.

साठवणीचा हिशेब

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये १६ ट्रॅकचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ८.३ जीबी जागा घेते. कॅमेऱ्याने सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने टिपलेली चित्रफीत तासाला ४५ जीबी व्यापते. तरीही अंतर्गत साठवणीवर फार खर्च करण्याचे कारण नाही, कारण बाहेरची एसएसडी नंतर जोडता येते. पोर्ट मात्र तपासावा. यूएसबी-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. दिसायला सारख्याच पोर्टांपैकी एखाद्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असतो, तर थंडरबोल्ट ३ चा ४० गिगाबिट.

पडदा आणि पंखा

माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल, तर तो पडदा रंगसंस्कारासाठी निरुपयोगी समजावा. एसआरजीबी रंगपट्टा जवळपास १०० टक्के दाखवणारा पडदा हवा. एकाच नावाचे लॅपटॉप निरनिराळ्या पडद्यांसह विकले जातात. त्यामुळे मॉडेलचा पूर्ण क्रमांक पडताळून घ्यावा. भार पडल्यावर पंखा किती आवाज करतो, हेही ऐकावे. तंबोरा किंवा बासरी मुद्रित करताना माइक तो आवाज हमखास टिपतो.

शक्य असल्यास स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन दुकानातच चालवून पाहावी, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. अनेक लॅपटॉप बॅटरीवर मंदावतात. अखेरीस, बाहेरच्या दुसऱ्या डिस्कची रक्कम अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावी. बिघडलेला लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, पण एकदाच झालेली मैफल किंवा लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही.