रिकाम्या आतड्यातील जागा

वर्गात जिवाणू शिकवताना आपण बहुधा रोगांपासून सुरुवात करतो. येथे दुसरी बाजू पाहू. कोंबडीखाली उबलेले पिल्लू आईची विष्ठा टिपत वाढते. किळस येईल खरी, पण त्यातूनच त्याच्या आतड्यात निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती होते. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला आई भेटतच नाही. खाद्यातून थोडा जरी साल्मोनेला आला, तरी त्याला मोकळे रान!

१९७१ साली फिनलंडमधील ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस पसरला. माणसेही आजारी पडली. एस्को नुर्मी व रांटाला यांनी शोधलेला उपाय औषधाचा नव्हता. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू त्यांनी कोवळ्या पिल्लांना दिले. नंतर मुद्दाम साल्मोनेला पाजला, तरी बहुतेकांत तो रुजला नाही. १९७३ साली हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तरावरील जागा आधीच भरल्या होत्या. शिवाय या जिवाणूंनी तयार केलेली मेदाम्ले साल्मोनेलाला मानवत नाहीत.

१९८७ साली असे मिश्रण 'ब्रॉइलॅक्ट' नावाने बाजारात आले. ते पिण्याच्या पाण्यातून देता येते. पण साल्मोनेला आधी पोचला असेल, तर फारसा उपयोग नाही. म्हणून पुढे ते उबवणी केंद्रातच पिल्लांवर फवारले जाऊ लागले.