विलायतेतलं मतदान आणि नगरचा किल्ला

नगरच्या किल्ल्याचा विषय निघाला की आपण चांदबिबीपासून सुरू करतो आणि नेहरूंनी इथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'पाशी थांबतो. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद, असफ अली वगैरे मंडळी या किल्ल्यात डांबली गेली. विलायतेत पंतप्रधान चर्चिल. त्यांच्याकडून स्वातंत्र्याची आशा ती काय करणार? १९४५ च्या जूनमध्ये नेहरू सुटले आणि जुलैत तिकडे निवडणूक झाली. परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली. २६ जुलैला निकाल लागला: मजूर पक्षाला ३९३ जागा, चर्चिल पायउतार! तिथल्या मतदाराला हवी होती घरं, नोकऱ्या, औषधपाणी. हिंदुस्थान त्याच्या ध्यानीमनीही नसावा.

ॲटलींच्या सरकारने इथेही निवडणुका घेतल्या. काँग्रेस जिंकली, पण मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या तीसही जागा लीगने घेतल्या. फाळणीची चाहूल तिथेच लागली.

२ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार आलं. नगरच्या कैद्यांपैकी नेहरूंकडे परराष्ट्र खातं, पटेलांकडे गृह. १९४७ मध्ये असफ अली तर अमेरिकेतले भारताचे पहिले राजदूत झाले.

सगळं श्रेय ॲटलींना नको. बेचाळीसचा लढा, आझाद हिंद फौजेचे खटले, नाविकांचं बंड, हे सगळं होतंच. पण दार ढकलणारे इकडे असले, तरी आतली कडी काढणारा माणूस तिकडच्या मतदाराने बदलला होता. आणि त्याला बिचाऱ्याला नगर कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं!