मोतेत आणि मेस्त्रे

सोळाव्या शतकातील युरोपच्या चर्चमधील गाणे आणि गिरणाकाठचे भडगाव यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. श्रोतेहो, संबंध आपल्या जिभेवर आहे. महिनाअखेर आपण 'पगार' घेतो, यंत्र बिघडले की 'मिस्त्री'ला हाक मारतो. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. मिस्त्री म्हणजे मूळचा 'मेस्त्रे'. त्याचा गोव्यातील एक भाऊबंद हातात पाना न धरता व्हायोलिन धरीत असे. त्याची हकीकत सांगावयाची आहे.

आधी मोतेत म्हणजे काय ते पाहू. आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात, टाळकरी तीच उचलतात, चाल एकच. मोतेत हे लॅटिन धर्मवचनावरचे समूहगान. त्यात बहुधा चार किंवा अधिक आवाज असतात आणि प्रत्येकाची चाल निराळी. पॅलेस्त्रिना (मृत्यू १५९४) या इटालियन रचनाकाराच्या 'सिकुत चेर्वुस' मध्ये पुरुषांचा चढा आवाज प्रथम निघतो. त्याचे काही शब्द होतात न होतात तोच दुसरा आवाज तेच बोल वेगळ्या पट्टीत उचलतो. पहिला मात्र थांबत नाही. मग तिसरा, शेवटी सर्वांत खर्जातला. कोणी मालक नाही, कोणी साथीदार नाही. तरी गोंगाट होत नाही, कारण कोणता सूर कोणत्या सुरावर यावा हे आधी बेतलेले असते. असला बेत कागदावर मांडल्यावाचून जमत नाही. गाणाऱ्यालाही सुरांची लिपी वाचता यावी लागते, आणि लिपी म्हटली की शाळा आली.

गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. १५४५ पासून तेथे चर्चला जोडून गावोगाव शाळा निघू लागल्या. धर्मशिक्षणाबरोबर मेस्त्रे पोरांना सरगम, गायन आणि पुढे व्हायोलिन शिकवीत. हे दान निर्मळ नव्हते. १५६० चे इन्क्विझिशन मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले, आणि १७३६ च्या हुकुमाने लग्नातल्या कोकणी गाण्यांवरही बंदी आली. गाणे कितीही गोड असो, तो हिशेब त्याने फिटत नाही.

परंतु शिकलेली कला शिकणाऱ्याची झाली, हेही तितकेच खरे. गावच्या मेस्त्र्यांनी उपासकाळासाठी स्वतःचे मोतेत रचले. शब्द लॅटिनच, पण चार पदरांची वीण आटोपून बहुधा दोन आवाज लगतच्या अंतराने हातात हात घालून चालू लागले, आणि उरलेली जागा व्हायोलिन, क्लॅरिनेट व मोठ्या तंतुवाद्याने भरली. पंडित याला घसरण म्हणोत. गावात जेवढे गळे तेवढ्यांत काम भागविणे याला आम्ही कारागिरी म्हणतो.

पुढे पोटासाठी ही पोरे मुंबईस आली. शेतीवर भागत नव्हते. सुरांची लिपी हेच हत्यार. बँड, हॉटेले, मूकपटांचे वाद्यवृंद आणि मग हिंदी चित्रपट. संगीतकार चाल देई. तिच्याखाली पन्नास वादकांनी काय वाजवावे ते गोव्याचा माणूस कागदावर उतरवी. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबास्टियन डिसोझा यांनी केले. पडद्यावरील नामावळीत अशांची नावे पुष्कळदा नसत. कामगार चळवळीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मजोर्डे गावच्या चर्चमधील गायकवृंद सांभाळणाऱ्या मेस्त्र्यांचा मुलगा, जन्म १९२७, असाच मुंबईस आला. १९५८ मध्ये त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यात गुरूचे नाव घातले. ते गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. गुरूचे नाव अँथनी गोन्साल्विस.