यूरिया प्रक्रिया (चाऱ्यावरील)
गव्हाचे काड, भाताचा पेंढा अशा निकृष्ट वाळल्या चाऱ्याचे पोषणमूल्य वाढविण्याची पद्धत. या चाऱ्यात प्रथिने सु. ३–४% च असतात व त्यातील सेल्युलोज लिग्निन या काष्ठद्रव्याने जखडलेले असल्याने ते नीट पचत नाही. १०० किग्रॅ. चाऱ्यावर ४ किग्रॅ. यूरिया सु. ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडतात आणि ढीग दाबून सु. ३ आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. यूरियापासून सुटणारा अमोनिया लिग्निन व सेल्युलोज यांच्यातील बंध सैल करतो, तर त्यातील नायट्रोजनापासून कोठीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव प्रथिने बनवितात. त्यामुळे जनावर चारा अधिक खाते व दूधउत्पादनास मदत होते. सहा महिन्यांखालील वासरांना असा चारा देऊ नये.