हिरडी आणि तिचे पहारेकरी

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं आंतोनी फान लेवेनहूक नांवाचा एक कापडाचा व्यापारी होऊन गेला. स्वतः भिंगें घासून त्यांतून सूक्ष्म वस्तू पाहण्याचा त्यास मोठा नाद होता. तो रोज सकाळीं मिठानें दांत घाशी. आमच्याकडील जुन्या राखुंडीची वाचकांस येथें आठवण झाल्यास नवल नाहीं. इतकी निगा राखूनही दांतांच्या फटींत पिठासारखा पांढरा मळ सांचतो, हें पाहून त्यानें तो भिंगाखालीं धरला, तों त्यांत असंख्य जीव वळवळतांना दिसले. ही हकीकत त्यानें १६८३ च्या सप्टेंबरांत लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविली. त्याच पत्रांतील दुसरें एक निरीक्षण आम्हांस पहिल्याहूनही मोलाचें वाटतें. शिरक्यानें चूळ भरली तरी मळाच्या बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मरतात, आंतले सुखरूप राहतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

पुढें दोनशे वर्षें या जीवांचा हिरडीच्या दुखण्याशीं संबंध कोणी नीट लावला नाहीं. बर्लिन येथें रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेंत काम केलेला अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानें १८९० सालीं मुखांतील जंतूंवर ग्रंथ लिहिला आणि मग सर्व दोष जंतूंच्या माथीं गेला. गुन्हेगार सांपडला कीं न्यायाधीश उतावळा होतो, तसेंच येथें झालें. १९१० सालीं लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठांतील व्याख्यानांत तोंडांतील पुवावर व सोन्याच्या दंतटोपणांवर कडक टीका केली. शरीरांतील अनेक दुर्बोध रोगांचें मूळ तेथेंच आहे, असा त्यांचा आरोप होता. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्लंड-अमेरिकेंत सांधे दुखतात, अशक्तपणा आहे, मन थाऱ्यावर नाहीं, अशा कारणांवरून माणसांचे दांत सरसहा उपटले गेले. त्यांतले कित्येक निरोगी होते. उपटलेला दांत परत येत नाहीं आणि सांधे तर दुखतच राहिले.

वस्तुतः विचाराची दुसरी वाट आधींच मोकळी झाली होती. १८८२ सालीं रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यानें मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत कांटा टोंचला, तेव्हां शरीरांतील फिरत्या पेशी त्या कांट्याभोंवतीं जमल्या. रोगाशीं झुंजणारे शिपाई शरीरांतच असतात, हें त्यावरून कळलें. परंतु हिरडीच्या बाबतींत हें ज्ञान पोंचण्यास फार उशीर लागला.

१९६५ सालीं डेन्मार्कांतील हाराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासूं लागतांच त्या सुमारें आठवड्याभरांत पूर्ववत् झाल्या. जंतूंवरील आरोप येथें सिद्ध झाला खरा. पण मग सूज आणि दांत पडणें या दोहोंमध्यें काय घडतें?

याचें उत्तर शोधण्यास ल्यो सिलोनांत गेले. तेथील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची पाहणी १९७० पासून पंधरा वर्षें चालली. या मजुरांपर्यंत दंतचिकित्सा पोंचलीच नव्हती, म्हणूनच ते अभ्यासास योग्य ठरले. हें वाक्य लिहितांना आमची लेखणी क्षणभर थबकते. मळ सर्वांच्या दांतांवर होता व हिरड्याही सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. तरी १९८६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, शेंकडा ८ जणांचा रोग झपाट्यानें वाढला, ८१ जणांचा मध्यम गतीनें, आणि ११ जणांचा सुजेपुढें गेलाच नाहीं. मळ तोच, परिणाम निराळे! तेव्हां भेद जंतूंतच नव्हे, तर हिरडीच्या उत्तरांतही शोधणें प्राप्त झालें.

तें उत्तर असें असतें. दांताला चिकटलेल्या हिरडीच्या अस्तराची वीण मुळांतच सैल असते आणि निरोगी स्थितींतही तींतून श्वेत रक्तपेशींचे थोडे पहारेकरी ये-जा करीत असतात. जंतूंच्या कवचाचे अंश लागतांच अस्तरांतील पेशी रासायनिक हांका मारतात व पहारेकऱ्यांची रीघ लागते. १९७६ सालीं पेज व श्रोडर यांनीं या घडामोडींचा क्रम लावून दिला: दोन-चार दिवसांत प्रारंभ, पुढें लसीका-पेशींची दाटी, आणि अखेर हाडाची झीज. हें हाड जंतू खात नाहींत. हिरडीला बळकटी देणारे तंतू ज्या पेशी विणतात, त्याच संदेशांच्या भडिमाराखालीं ते तंतू तोडणारे रस सोडूं लागतात. आणि हाड विरघळविणाऱ्या पेशींना चेतविणारा निरोपही आमच्याच पेशी धाडतात. वेशीवर शत्रू ठाण मांडून बसला म्हणून शिपायांनींच तट पाडावा, तसा हा प्रकार आहे.

शत्रूही भोळा नाहीं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू अस्तराची हांकच दाबून टाकतो, असें १९९८ सालीं दाखविण्यांत आलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत डॉक्सिसायक्लिन या औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी या रोगावर मान्य झाली. तिची मात्रा जंतू मारण्यास अपुरी आहे, आणि ती मुद्दामच तशी ठेविली आहे. दंतवैद्यानें मळ खरवडून काढल्यावर हिरडीचे तंतू तोडणाऱ्या रसांस आवर घालणें, एवढेंच तिचें काम.