जवळ्याचं कूळ

वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब. तरी या भागातल्या आठवडी बाजारात सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, हमखास मिळते. ताज्या मासळीला इथवर यायला बर्फ लागतो, जवळ्याला लागत नाही. याचं कारण त्याच्या अंगातच आहे.

चिमूटभर जवळा तळहातावर घ्या. लांबी फार तर दोन-तीन सेंटिमीटर, कवच पापुद्र्याइतकं पातळ आणि डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. कोळंबी-खेकड्यांच्या दशपाद गणातला हा प्राणी, पण याचे मागचे चार पाय नाहीसेच झालेत. पण याला चालायचंय कशाला? किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी हा थव्यानं तरंगतो.

१८३० साली आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं गंगेच्या मुखाकडच्या नमुन्यांवरून त्याचं ‘असिटीस इंडिकस’ असं बारसं केलं. कुळाला ‘सर्जेस्टिडी’ हे नाव १८५२ मध्ये अमेरिकेच्या जेम्स ड्वाइट डेनानं दिलं. डेना मुळात खनिजांचा माणूस. त्याला जवळ्यापेक्षा वाशिमचा काळा दगड जास्त जवळचा वाटला असता. कुळातले बरेच भाऊबंद खोल समुद्रातले. दिवसा शेकडो मीटर खाली, रात्री वर. काहींच्या अंगावर तर उजेड देणारे अवयव. जपानच्या सुरुगा आखातातली गुलाबी ‘साकुरा एबी’ त्यांतलीच. तिची मासेमारी १८९४ पासूनची, आणि तीही फुजी नदीकाठी उन्हातच वाळते.

आपला जवळा किनारा धरून राहिला आणि कोळ्यांच्या डोल जाळ्यात सापडला. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर हे पिशवीसारखं जाळं लावतात. त्या ओढीपुढे जवळ्याचं काही चालत नाही. थवाच्या थवा आत येतो. मग चिरणं नाही, आतडी काढणं नाही, मिठात मुरवणंही नाही. पसरला की ऊन बाकीचं काम करतं आणि पोती थेट ट्रकवर चढतात. बाजारात शेजारच्या ढिगातली करंदी दिसायला सारखी, पण तिचं कूळ निराळं. करंदीची मादी अंडी पोटाशी वागवते; जवळ्याची मादी ती सरळ पाण्यात सोडून मोकळी होते.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून पावसाळ्याची बेगमी आधीच करावी लागते. कोरड्या तव्यावर भाजून, कांदा-लाल तिखट घालून केलेली सुकट ज्वारीच्या भाकरीबरोबर झकास लागते. फक्त घेताना मूठभर चोळून पाहावी. जमिनीवर वाळवलेल्या मालात रेती असते, आणि ती सुकटीच्याच भावानं तोलली जाते.